चार रविवारांत नवी भाषा: धरमपेठेतल्या कार्यशाळेत काय मिळतं, काय राहून जातं

नवी भाषा घडवायला बसलेला माणूस आधी अक्षरं काढतो. वहीच्या मागच्या पानावर वळणदार चिन्हांचा तक्ता तयार होतो, त्याखाली स्वतःचं नाव लिहिलं जातं आणि भाषा तिथेच संपते, कारण लिहायला पुढे काही नसतंच. नागपूरच्या धरमपेठेत मे महिन्यात भरणारी ही कार्यशाळा चौथ्या रविवारपर्यंत लिपीला हात लावू देत नाही. एवढ्या एका शिस्तीसाठीही तिथे जाण्यात अर्थ आहे. बाकी हिशेब मात्र इतका सरळ नाही. काही भाग फार चांगला आहे, आणि एक भाग चक्क चुकीचा शिकवला जातो.

आधी व्यवहार. चार रविवार, सकाळी साडेनऊ ते दीड, फी २,८०० रुपये. त्यात ६४ पानांची स्पायरल वही, ४९ भाव-कार्डांचा गठ्ठा, दोनदा चहा आणि शेवटच्या दिवशी तर्री-पोहे. एका बॅचला अठरा जण. काम एवढंच की अध्यात्म आणि भाव व्याकरणातच मुरलेले असतील अशी छोटी भाषा तयार करायची आणि शेवटच्या दिवशी तिच्यात आठ-दहा ओळींची प्रार्थना, वंदना किंवा स्वगत म्हणून दाखवायचं. भाषाशास्त्र आधी शिकलेलं असायची गरज नाही. कर्ता, कर्म, विभक्ती हे शाळेतलं आठवत असलं म्हणजे झालं.

पहिला रविवार ध्वनींचा. १२ व्यंजनं आणि ५ स्वर घ्या, अक्षर म्हणजे एक व्यंजन अधिक एक स्वर, आणि शेवटी वाटलं तर अनुस्वार, असा साचा वहीत दिला आहे. साचा उत्तम आहे. गणित करून पाहा: १२ गुणिले ५ म्हणजे ६० अक्षरं, अनुस्वारासह १२०, आणि दोन अक्षरी शब्द १४,४००. यातले फार तर हजार-दीड हजार वापरायचे. बाकीची जागा रिकामीच ठेवायची, म्हणजे एखादं अक्षर चुकीचं ऐकू आलं तरी त्यातून दुसरा खरा शब्द तयार होत नाही. हे कारण शिकवणारे सांगतात, पण घाईत सांगतात. मग लोक 'पामा, पाना, पाला, पारा' असे चार शब्द शेजारी-शेजारी बसवून मोकळे होतात, आणि तिसऱ्या रविवारी आपलीच वाक्यं आपल्यालाच ओळखता येत नाहीत.

ध्वनी पारखायची चाचणीही आहे. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, एकाने सारख्या वाटणाऱ्या दोन ध्वनींच्या जोडीतला एक म्हणायचा, दुसऱ्याने कुठला ते लिहायचं, वीसदा. अठराच्या खाली गुण आले तर त्या जोडीतला एक ध्वनी काढून टाकायचा. पद्धत चोख आहे, अडचण हॉलची आहे. तिथे दोन मोठे कूलर अखंड घरघरत असतात. 'स', 'श', 'ह' हे ध्वनी म्हणजे मुळात हवेची फुसफूसच, आणि पंख्याचा आवाजही तसाच, त्यामुळे सगळ्यात आधी हेच बुडतात. परिणाम असा की अठरातल्या बऱ्याच जणांच्या भाषेतून 'श' आणि 'ह' बाद होतात आणि प, त, क, म, न तेवढे उरतात. भाषा माणसाच्या मनाला नव्हे, नागपूरच्या मे महिन्याला बेतून निघते! चाचणीपुरते कूलर दहा मिनिटं बंद ठेवायला सांगावं. लोक कुरकुरतील, पण सांगावं.

आता चुकीचा भाग. वहीत एक तक्ता आहे: प्रत्येक भावाला एक ध्वनी. करुणेला 'ळ', रागाला 'ट', शांतीला 'म', वगैरे. करुणेचे सगळे शब्द मग 'ळ'ने घडवायचे. दिसायला फार मोहक, वापरायला गेलात की फसलात. १६६८ साली जॉन विल्किन्स या इंग्रज विद्वानाने जगातल्या सगळ्या कल्पनांची वर्गवारी करून अशीच भाषा मांडली होती. एका वर्गातल्या गोष्टींची नावं जवळजवळ सारखी, फरक एखाद्या अक्षराचा. अडचण तेव्हाही हीच होती. ज्या गोष्टी एकाच बोलण्यात येतात त्यांचीच नावं सारखी ऐकू येतात, म्हणजे घोटाळा नेमका जिथे होऊ नये तिथेच होतो. खेद, पश्चात्ताप, विरह आणि दया हे चार शब्द एका प्रार्थनेत शेजारी येणार. ते एकमेकांपासून लांबच वाजले पाहिजेत.

ध्वनीला भावाची छटा असते, हे खोटं नाही. वोल्फगांग कोलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये एक गोलसर आणि एक टोकदार आकृती दाखवून 'टाकेटे' कुठली असं विचारलं, तर लोकांचा कल टोकदार आकृतीकडे गेला. पण तो कल आहे, शब्दकोश नव्हे. चवीपुरतं मीठ टाकावं तसा वापरायचा.

याहून चांगला धागा मराठीतच पडलेला आहे आणि वही त्याला स्पर्शही करत नाही. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, तगमग, हळहळ, धाकधूक, घालमेल. मनाची बेचैनी सांगणारे हे शब्द बघा, बहुतेक दुहेरी आहेत. समाधान, शांती, तृप्ती, विसावा यांत दुहेरीपणा नाही. जे ठरत नाही ते भाषा दोनदा म्हणते, जे ठरलं ते एकदाच. हा नियम उचलून नव्या भाषेत मुळाचं द्वित्व म्हणजे 'अजून निवलेलं नाही' असा प्रत्यय करता येतो. 'नोमा' म्हणजे आठवण, 'नोनोमा' म्हणजे पाठ न सोडणारी आठवण. भावाला ध्वनी वाटत बसण्यापेक्षा हे कितीतरी पक्कं काम आहे.

दुसरा रविवार व्याकरणाचा, आणि पैसे वसूल होतात ते इथे. सुरुवात मराठीपासून होते. 'मी रागावतो' यापेक्षा 'मला राग येतो' आपण सहज म्हणतो. राग येतो, रडू कोसळतं, भीती वाटते, तहान लागते, दया येते. भाव बाहेरून चालत येतो आणि माणूस चतुर्थीत जाऊन बसतो. मग प्रश्न टाकला जातो: तुमच्या भाषेत भाव कोण करतो? तो माणसाचा आहे, माणसाकडे आलेला आहे, की माणूसच त्याच्यात शिरलेला आहे? उत्तराप्रमाणे वाक्याचा साचा ठरवायचा. अर्ध्या तासाचा हा सराव म्हणजे अध्यात्माला व्याकरणात कसं उतरवायचं याचा वस्तुपाठ आहे, कारण इथे 'आत्मा', 'परमतत्त्व' असा एकही भारदस्त शब्द लागत नाही. भारदस्त शब्द टाळता येतो. विभक्ती टाळता येत नाही, बोलणाऱ्याला ती प्रत्येक वाक्यात निवडावीच लागते.

त्यानंतर प्रमाणांचा भाग येतो. 'हे तुला कशावरून कळलं?' याचं उत्तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी एका अक्षरात द्यायचं. अमेरिकन लेखिका आणि भाषाशास्त्रज्ञ सुझेट हेडन एल्जिन यांनी १९८२ पासून घडवलेल्या लादान भाषेत ही सोय आहे. तिथे वाक्याच्या सुरुवातीचा शब्द सांगतो की हे विधान आहे, प्रश्न आहे की विनंती, आणि शेवटचा शब्द सांगतो की हे बोलणाऱ्याने स्वतः अनुभवलं, विश्वासाच्या माणसाकडून ऐकलं, की स्वप्नात दिसलं. स्वप्नासाठी वेगळा शब्द! कार्यशाळा ही कल्पना आपल्याकडच्या न्यायदर्शनाच्या चार प्रमाणांवर बसवते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून कळणं), शब्द (जाणत्याच्या सांगण्यावरून कळणं). एक उदाहरण, वरच्या साच्यातलंच:

तुनो लेमा सा. (पाऊस आला, मी पाहिला.)
तुनो लेमा को. (पाऊस आला, अंगण ओलं आहे त्यावरून म्हणतो.)
तुनो लेमा वे. (पाऊस आला, असं थोरांनी सांगितलं.)

आता 'पाऊस'च्या जागी 'कृपा' घाला. 'कृपा झाली सा' म्हणायला किती जणांची जीभ रेटते ते पाहण्यासारखं असतं. खोलीत खरोखर शांतता पसरते. बहुतेक जण 'वे'वर येऊन थांबतात, थोडेफार 'को'वर. अख्खं प्रवचन जे करणार नाही ते एका अक्षराच्या प्रत्ययाने होतं.

इथे दोन ठिकाणी गाडी घसरते. पहिलं, लोक प्रमाणाचा प्रत्यय तीन-तीन अक्षरांचा करतात, कारण अर्थ मोठा म्हणून शब्दही मोठा हवा असं वाटतं. दहा ओळींत तो दहादा येणार. चौथ्या ओळीपर्यंत तोंड दुखतं आणि पाचवीत लोक तो गाळायला लागतात. जे प्रत्येक वाक्यात येणार ते एका अक्षराचं, असा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हवा. दुसरं जास्त गंभीर आहे. चारही प्रमाणं सगळ्यांनी घ्यायचीच, असं वही गृहीत धरते. पण प्रमाणं किती, यावरच तर दर्शनांचे वाद झाले. चार्वाक एकच मानतो, प्रत्यक्ष. दिङ्नाग आणि त्याच्या परंपरेतले बौद्ध तार्किक दोनच मानतात, प्रत्यक्ष आणि अनुमान. भाट्ट मीमांसक सहापर्यंत जातात. म्हणजे बौद्ध वंदनेसाठी भाषा करणाऱ्याने 'शब्द' हा प्रत्यय ठेवायचाच नाही असं ठरवलं, तर ती त्याच्या भाषेची उणीव नव्हे, कणा आहे.

हाच दोष संबोधनाच्या पानावर ठळकपणे दिसतो. पानावर वरच छापलं आहे: 'तुमच्या आराध्याला तुम्ही कसं हाक माराल?' खाली तू, तुम्ही आणि आपण यांच्यासाठी तीन रकाने. विठ्ठलाला 'तू' म्हणणारा आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणणारा मराठी माणूस या पानावर रमतो, आणि ते पान त्याच्यासाठी छानच आहे. पण दीक्षाभूमीच्या गावात अठरा जणांच्या बॅचमध्ये हाक मारायला कोणी आराध्यच नाही असे लोक असणार, हे छापण्याआधी सुचायला हवं होतं. त्यांचं पान कोरं राहतं. शिकवणाऱ्या बाई हुशार आहेत, त्या तिथल्या तिथे 'स्वतःच्या मनाला हाक मारा' अशी वाट काढून देतात. छापील वहीत मात्र ती नाही.

त्याच पानाच्या मागे 'आम्ही' आणि 'आपण' यांचा सराव आहे. ऐकणारा 'आम्ही'त नसतो, 'आपण'मध्ये असतो. मराठीत हा भेद आयता आहे, पण प्रार्थनेत तो तिहेरी होतो: देवाला सांगताना 'आम्ही', शेजारच्या भक्ताला धरून 'आपण', आणि देवालाही धरून 'आपण' म्हणायचं असेल तर? अद्वैत मानणाऱ्याला ही तिसरी जागा लागते, द्वैत मानणाऱ्याला नाही. तीन वेगळी सर्वनामं करा, किंवा तिसरी जागा मुद्दाम बंद ठेवा. दोन्ही चालेल, पण ठरवा.

क्रियापदांच्या काळाचं पान उरकून टाकलेलं आहे. 'येतो', 'येत आहे', 'आला' एवढंच. ज्या शहरात माणूस खिडकीतून पाहून 'पाणी येऊन राह्यलं' म्हणतो, तिथे चालू क्रियेची अशी जिवंत रचना सोडून पुस्तकी तक्ता का द्यावा, देव जाणे.

तिसरा रविवार कार्डांचा. ४९ हा आकडा भरताच्या नाट्यशास्त्रातला: ८ स्थायी म्हणजे मुळातले, टिकणारे भाव, ३३ संचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे, आणि ८ सात्त्विक. कल्पना देखणी आहे. कार्ड उचलायचं, त्या भावाचा प्रसंग मनात आणायचा आणि आपल्या भाषेत एक वाक्य करायचं. पण ४९ भाव म्हणजे ४९ प्रत्यय नव्हेत, हे नीट समजावलं जात नाही. संचारी भावांत निद्रा, व्याधी आणि मरणही येतं. रंगमंचावर नटाला त्यांचा उपयोग आहे, वाक्याच्या शेवटी लावायच्या प्रत्ययाला नाही. सात्त्विक भाव तर घाम, कंप, रोमांच, अश्रू असे शरीराचे आहेत. त्यांची क्रियापदं करावीत.

जे टिकतं ते असं: ८ स्थायी भावांची आठ एकाक्षरी चिन्हं, आणि त्यांना जोडायला तीन शेपट्या, भाव येतोय, भाव ठरलाय, भाव ओसरतोय. पाठ करायचे तुकडे ११, हाती येणारे अर्थ २४. समजा 'हे' म्हणजे विस्मय, आणि शेपट्या 'या', 'मु', 'री'. मग 'हेया' म्हणजे विस्मय वाटू लागला, 'हेमु' म्हणजे विस्मयात आहे, 'हेरी' म्हणजे विस्मय सरत चालला. शांत हा नववा रस पुढच्या आचार्यांनी, विशेषतः अभिनवगुप्ताने, पुढे आणला. त्याला चिन्ह द्यायचं की कुठलंच चिन्ह न लावणं म्हणजेच शांत मानायचं, असा एक सुंदर प्रश्न आहे. दुसरा पर्याय घेतला तर शांत वाक्य सगळ्यात आखूड होतं, आणि म्हणून दाखवताना त्याचा परिणाम कानाला लगेच कळतो.

आणखी एक खड्डा, ज्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. 'आई रडली' या वाक्याला शोकाचं चिन्ह लावलं. शोक आईचा की सांगणाऱ्याचा? मराठीत आवाजाने भागतं, कागदावर भागत नाही. उपाय जागेचा आहे. चिन्ह नामाला चिकटलं तर भाव त्या माणसाचा, वाक्याच्या शेवटी प्रमाणाच्या आधी आलं तर बोलणाऱ्याचा. मग 'आई रडली, तिला शोक आणि मला भय' हे दोन अक्षरांत सांगता येतं. हे पहिल्या तासाला सांगितलं असतं तर तिसऱ्या रविवारची निम्मी खोडाखोड वाचली असती. कार्डांचा कागद पातळ आहे, कूलरच्या दमट हवेत अकरापर्यंत त्यांच्या कडा वळतात. घरून रबरबँड न्यावा.

शब्दसंग्रहाचं लक्ष्य वहीत १५० शब्द आहे. ते जास्त आहे. टोकी पोना ही २००१ साली घडवलेली भाषा सव्वाशेच्या आसपास शब्दांत चालते, पण तिच्यामागे वर्षांचा वापर आहे. चार रविवारांत ६० शब्द पक्के होतात. नोंद करताना शब्द आणि अर्थ या दोनच रकान्यांवर थांबू नका. तिसऱ्या रकान्यात तो शब्द ज्या वाक्यात पहिल्यांदा लागला ते वाक्य लिहा. ज्याला वाक्य सुचत नाही तो शब्द अजून लागत नाही.

चौथा रविवार लिपीचा, आणि त्याची सुरुवात फार चांगली होते. विदर्भातल्या माणसाला लांब जायची गरज नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले, त्यांचं तीर्थक्षेत्र रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. पण सकळ लिपीतला मजकूर मराठीच आहे, फक्त अक्षरं बदललेली. लिपी बदलली म्हणून भाषा नवी होत नाही, हे इतक्या जवळच्या उदाहरणाने पटतं. उलट बाजूचं उदाहरण बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या जर्मन जोगिणीचं. तिने हजाराहून थोडे जास्त शब्द केले, यादी देवापासून सुरू होऊन माणूस, झाडं, पक्षी, कीटकांपर्यंत उतरते, सोबत २३ अक्षरांची लिपीही आहे. पण शब्द जवळजवळ सगळे नामं. हे शब्द वापरलेला जो छोटासा मजकूर उरला आहे त्यात ते लॅटिन वाक्यातच बसवलेले आहेत. शब्द आहेत, लिपी आहे, व्याकरण उसनं.

फाँटचा तास मात्र गडबडीचा. फाँटफोर्ज हे मोफत सॉफ्टवेअर शिकवतात, तिथपर्यंत ठीक. सोपं पडावं म्हणून नवी चिन्हं देवनागरीच्याच जागांवर बसवायला सांगतात, आणि इथे ऱ्हस्व इकार घात करतो. संगणक 'ि' आपोआप व्यंजनाच्या आधी नेऊन ठेवतो, हलन्त आला की जोडाक्षर शोधायला जातो, आणि तुमची चिन्हं उलटीपालटी दिसतात. त्याऐवजी युनिकोडने खासगी वापरासाठी मोकळ्या ठेवलेल्या ६,४०० जागा वापराव्यात, तिथे कुठलीच फिरवाफिरव होत नाही. त्याची किंमत एवढीच की ज्याच्याकडे तुमचा फाँट नाही त्याच्या मोबाईलवर नुसते चौकोन उमटतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर चित्र करूनच पाठवावं लागतं. लॅपटॉप न्यायचा असेल तर फाँटफोर्ज घरूनच टाकून न्या, तिथल्या वायफायवर अठरा जणांची डाउनलोडं एकदम सुरू झाली की चहा दोनदा होतो.

शेवटच्या पाऊण तासात प्रत्येकाने आपली रचना म्हणायची असते. अठरा जण, ४५ मिनिटं, म्हणजे माणशी अडीच. अर्थ सांगण्यातच दोन जातात. फी तीच ठेवून बॅच बाराची केली तर हे सुटेल, नाहीतर रचना आठ ओळींऐवजी पाच ओळींची ठेवा आणि अर्थाचा कागद आधीच फळ्याला लावून टाका. नाव नोंदवताना पहिल्या दोन रांगा टाळा. तिथे हवा थंड लागते खरी, पण शेजारचा 'सा' म्हणाला की 'हा', ते कळत नाही, आणि त्या एका अक्षरावरच त्याने पाहिलं की नाही हे ठरायचं असतं.